कोर्दोबा : शहर, खाणे आणि वाइन

कोर्दोबा हे दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाचे, गुआदाल्किविर नदीकाठचे प्राचीन शहर. वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास. नदीचे नाव ‘अल-वादी अल-कबीर’, म्हणजे ‘मोठी नदी’, या अरबी शब्दांवरून आले आहे. रोमनांच्या काळात हे बेतिका प्रांताचे मुख्य ठाणे होते आणि तत्त्ववेत्ता सेनेका येथलाच. पुढे ७५६ पासून उमय्यद अमीर व ९२९ पासून खलिफा येथून राज्य करीत. १२३६ मध्ये कास्तियाचा राजा तिसरा फेर्नांदो याने शहर जिंकले.

कोर्दोबा समजून घ्यायचे तर आधी तिथले ऊन समजून घ्यावे. उत्तरेला सिएरा मोरेनाचा डोंगर, दक्षिणेला कांपिन्या नावाचा उघडाबोडका, चढउतारांचा शेतीप्रदेश आणि मध्ये सखल नदीखोरे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जाणे नित्याचेच. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यातील ला राम्ब्ला गावी ४७.६ अंश सेल्सियस नोंदले गेले. स्पेनमधील तो उच्चांक ठरला. ला राम्ब्ला हे कुंभारांचे गाव असून पाणी गार ठेवणाऱ्या ‘बोतिहो’ या तोटीच्या मातीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे, हेही ओघानेच आले. येथील मशीद, घरे, जेवण आणि वाइन या साऱ्यांवर उन्हाची छाप आहे. पहिल्या तिन्हींनी उन्हापासून आडोसा शोधला, वाइनने मात्र त्याचा फायदा करून घेतला.

मशीद-कॅथीड्रल. स्थानिक लोक तिला नुसते ‘मेस्किता’ म्हणतात. पहिला अब्द अर-रहमान याने ७८५ च्या सुमारास बांधकाम सुरू केले. खांब रोमन व व्हिसिगोथिक इमारतींतून उचलून आणलेले, म्हणून उंचीला कमी. छत तर उंच हवे, शिवाय हवा खेळायला हवी. कारागिरांनी खांबावर खांब चढवून कमानींचे दोन मजले रचले : खालची कमान घोड्याच्या नालेसारखी व मोकळी, वरची अर्धवर्तुळाकार व छत पेलणारी. लाल वीट आणि फिकट दगड यांचे एकाआड एक पट्टे त्यातूनच आले. आज असे ८५६ खांब उभे आहेत. पुढच्या राज्यकर्त्यांनी वास्तू वाढवत नेली. दुसऱ्या अल-हकमने दहाव्या शतकात नवा मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, बांधला. त्याच्या सोनेरी मोझेइकसाठी बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर आणि काचेचे तुकडे मागवले होते. शेवटची वाढ खलिफाचा प्रधान अल-मन्सूर याची, ९८७ नंतरची. दक्षिणेला नदी आडवी आल्याने त्याने वास्तू पूर्वेकडे वाढवली आणि मिहराब मधोमध राहिला नाही. या भागात कमानींचे लाल पट्टे विटांचे नसून रंगवलेले आहेत. घाईत असलेल्या सत्तेचे काम कसे ओळखावे, याचा हा छान नमुना.

मुळात ही वास्तू नारिंगांच्या अंगणाकडे खुली होती. आतल्या खांबांच्या आणि बाहेरच्या झाडांच्या ओळी एकमेकींना जुळत. ख्रिस्ती काळात बहुतेक कमानी बुजवल्या गेल्या. आज आत शिरताच जो गूढ काळोख भारावून टाकतो, तो मूळ रचनेचा भाग नव्हे. १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मानरिके याने मधोमध कॅथीड्रल उभारायला घेतले. नगरपालिकेने कडाडून विरोध केला, जुन्या बांधकामाला हात लावणाऱ्या कामगाराला देहदंड फर्मावला. पण सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपची बाजू उचलून धरली. पुढे प्रत्यक्ष पाहिल्यावर ‘जगात एकच असलेली गोष्ट मोडलीत’ असे तो हळहळला, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती खरी असो वा नसो, कॅथीड्रल नसते तर मशीद टिकली असती का, हा प्रश्न मात्र खराखुरा आहे. वादही संपलेला नाही : चर्चने २००६ मध्ये ही मालमत्ता आपल्या नावे नोंदवली, त्यावर अजून भांडण चालते, आणि मुस्लिमांना आत नमाज पढता येत नाही.

मेस्कितेच्या दारातच ज्यूंची जुनी वस्ती, हुदेरिया, सुरू होते. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की दुपारीही ऊन जमिनीवर क्वचितच पडते. येथील १३१५ चे सिनॅगॉग लहानसे आहे, परंतु मध्ययुगातली अशी प्रार्थनास्थळे स्पेनमध्ये मोजकीच उरली आहेत. तत्त्वज्ञ व वैद्य मैमोनिदेस आणि अ‍ॅरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रुश्द हे दोघेही बाराव्या शतकातले कोर्दोबाकर. जवळच १३२८ मध्ये बांधायला घेतलेला आल्कासार हा राजवाडा आहे. १४८६ मध्ये कोलंबसने राणी इसाबेल व राजा फेर्नान्दो यांच्यापुढे आपला बेत मांडला तो याच शहरात. आल्कासारातच शतकानुशतके धर्मन्यायालयाचे (इन्क्विझिशनचे) ठाणेही होते. नदीवरचा सोळा कमानींचा पूल रोमन म्हणवतो खरा, पण इतक्यांदा दुरुस्त झाला आहे की मूळचे दगड शोधावेच लागतात.

पातिओ. पातिओ म्हणजे घराच्या आतला चौक. बाहेरची भिंत जवळजवळ आंधळी, आत विहीर किंवा कारंजे, खाली बारीक गोट्यांची फरसबंदी आणि पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवर शेकडो कुंड्या. रात्री गार हवा चौकात साठते. दिवसा ओल्या फरशीने आणि झाडांनी ती टिकते. वरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला डबा बांधतात. अशा घरांत पूर्वी अनेक बिऱ्हाडे एकाच विहिरीवर नांदत. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात खासगी चौक लोकांना खुले होतात. त्यांच्या स्पर्धेची सुरुवात १९२१ ची. २०१२ मध्ये युनेस्कोने हा उत्सव मानवतेच्या अमूर्त वारशात घेतला. गर्दी मावत नाही आणि दाराशी रांगा लागतात. गर्दी नको असेल त्याने वियाना राजवाड्यातले बारा चौक एरवी केव्हाही पाहावेत.

खाणे. शहराची ओळख असलेला पदार्थ म्हणजे साल्मोरेहो : पिकलेले टोमॅटो, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, लसूण आणि मीठ एकत्र वाटून केलेले थंडगार, दाट सार. एक किलो टोमॅटोला साधारण २०० ग्रॅम पाव आणि १०० ग्रॅम तेल पडते. पाणी अजिबात घालत नाहीत. गास्पाचो हे टोमॅटोचे पातळ थंड सार पिता येते, साल्मोरेहो चमच्याने खावे लागते. व्हिनेगर घालावे की नाही यावरून घराघरांत मतभेद. वरून उकडलेले अंडे आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, म्हणजे हामोनचे, तुकडे पेरतात, तेव्हा शाकाहारी माणसाने ‘सिन हामोन’ असे आधीच सांगून ठेवावे. टोमॅटो अमेरिकेतून आला. त्याआधीचा जुना प्रकार म्हणजे मासामोरा. त्यात टोमॅटोऐवजी बदाम असतात. रंग पांढरा, चव सौम्य. मला साल्मोरेहोपेक्षा तीच सरस वाटते.

दुसरा पदार्थ मराठी माणसाला ओळखीचा वाटेल : ‘बेरेन्हेनास कोन मिएल’. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळायचे आणि वरून ‘मिएल दे कान्या’ सोडायचे. शब्दशः अर्थ ‘उसाचा मध’, पण पदार्थ म्हणजे आपली काकवीच. वांगे आणि ऊस दोन्ही अरबांनी पूर्वेकडून आणले. ‘बेरेन्हेना’ हे नाव अरबी-फार्सीतून मागे जाते ते संस्कृत ‘वातिंगण’ या शब्दापर्यंत. त्याच मुळातून आपले ‘वांगे’ आले. ‘आसूकार’ म्हणजे साखर आणि ‘शर्करा’, ‘नारान्हा’ म्हणजे संत्रे आणि ‘नारंग’, हे धागेही असेच जुळतात. मशिदीच्या अंगणातली नारिंगे मात्र तोंडात घालू नयेत, कमालीची कडू असतात.

मांसाहारात फ्लामेन्किन (डुकराच्या मांसाच्या पातळ कापात हामोन गुंडाळून, पावाचा चुरा लावून तळलेला लांबट रोल) आणि राबो दे तोरो (वाइनमध्ये तासन् तास शिजवलेली बैलाची शेपटी) हे दोन ठरलेले पदार्थ. गोडात पास्तेल कोर्दोबेस : पापुद्र्यांच्या आवरणात भोपळ्याच्या धाग्यांचा मुरांबा.

जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात. दुपारचे जेवण दोन-चार, रात्रीचे नऊच्या पुढे. मधल्या वेळेत अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असते.

वाइन. शहराच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासाच्या आत, मोन्तिया-मोरिलेस हा वाइनचा प्रदेश लागतो. जमीन पांढरी, चुनखडीची. पावसाचे पाणी धरून ठेवणारी. मुख्य द्राक्ष पेद्रो हिमेनेस. कोण्या पीटर नावाच्या सैनिकाने ते उत्तरेकडून आणले, ही दंतकथा सर्वत्र सांगतात. तिच्यावर विश्वास ठेवायला आधार नाही. उन्हामुळे द्राक्षात साखर इतकी भरते की रस आंबल्यावर अल्कोहोल आपोआप १५ टक्क्यांच्या घरात जाते. आंदालुसियातल्याच हेरेस शहराच्या शेरी या वाइनमध्ये तेवढे प्रमाण गाठायला वाइनचा अर्क मिसळावा लागतो. येथल्या फिनोला, म्हणजे फिकट, कोरड्या वाइनला, सहसा ती गरज नसते. दोन्ही प्रदेशांतला हा एक मोठा फरक, आणि मोन्तियावाले तो अभिमानाने सांगतात.

आंबवण्याचे काम पूर्वी ‘तिनाहा’ नावाच्या अवाढव्य मातीच्या रांजणांत होई. नंतर सिमेंटचे आले. पुढे वाइन ओकच्या पिंपात जाते. पिंप काठोकाठ भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत यीस्टचा पांढरा थर धरतो, त्याला ‘फ्लोर’, म्हणजे फूल, म्हणतात. हा थर वाइनला हवेपासून वाचवतो आणि तिला बदाम-पावासारखा वास देतो : ही फिनो, फिकट पिवळी आणि अगदी कोरडी. थर मेला आणि हवा लागू लागली की रंग गडद होतो, अक्रोडासारखी चव येते : ती आमोन्तियादो. या नावाचा अर्थच ‘मोन्तियाच्या वळणाची’ असा आहे. हेरेसच्या व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि जगभर नाव हेरेसचे झाले. थराविना जुनी होते ती ओलोरोसो. मुरवण्याची पद्धत सोलेरा : पिंपांच्या रांगा एकीवर एक असतात. तळाच्या रांगेतून थोडी वाइन काढायची, ती जागा वरच्या रांगेतून भरायची, आणि सर्वांत वर नवी वाइन ओतायची. त्यामुळे एका साली एक चव आणि दुसऱ्या साली दुसरी असे होत नाही, आणि बाटलीवर सालही नसते. विरजणाचे चमचाभर दही राखून ठेवणाऱ्या घरात हे पटकन कळेल.

गोड वाइनचे नावही पेद्रो हिमेनेसच. ऑगस्टमध्ये तोडलेले घड चटयांवर उन्हात पसरतात, हाताने उलटसुलट करतात; आठवडाभरात त्यांचा जवळजवळ बेदाणा होतो. पिळल्यावर निघतो काळपट, पाकासारखा रस. त्याची चव खजूर, अंजीर आणि कॉफीच्या जवळ जाते. त्याचा थेंब पेल्याच्या काचेवर रेंगाळतो. व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खाण्याची पद्धत आहे आणि ती अगदी योग्य आहे, कारण नुसती प्यायची तर अर्ध्या पेल्यानंतर माणूस थांबतो. हेरेसमधील कित्येक कंपन्या आपल्या गोड शेरीसाठी हा माल मोन्तियाकडूनच घेतात.

शहरात ही वाइन प्यायची जागा म्हणजे ताबेर्ना. फरशीच्या भिंती, बैलझुंजीची जुनी चित्रे, एका बाजूला पिंपे. काही ताबेर्ना एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत. तेथे ‘मेदिओ’ मागावा, म्हणजे मोन्तियाचा पेला येतो. फिनो थंडच हवी. तिच्याबरोबर साल्मोरेहो किंवा वांग्याचे काप घेतले की कोरडेपणा आणि गोडी एकमेकांना सावरून धरतात.

शहराच्या पश्चिमेला आठेक किलोमीटरवर मदीनत अझ-झहरा, म्हणजे तिसऱ्या अब्द अर-रहमानने ९३६ च्या सुमारास वसवायला घेतलेली राजनगरी, आहे. पाऊणशे वर्षांत यादवीत ती लुटली गेली. उत्खनन १९११ पासून चालू असून उघडा झालेला भाग अजून लहानच आहे. २०१८ मध्ये तिची जागतिक वारशात नोंद झाली. तिथे सावली जवळजवळ नाही. मार्च ते मे किंवा ऑक्टोबरात, सकाळी लवकर जावे. माद्रिदहून वेगवान रेल्वे पावणेदोन तासांत कोर्दोबाला आणते.