कोल्हापूर बेंच आणि सोलापूरची वकिली ऑफिसं

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात बसू लागलं आणि सोलापूरच्या वकिलांचा जुना शिरस्ता मोडला. हायकोर्टात तारीख लागली की अपिलाचा गठ्ठा बांधायचा, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबई गाठायची. नाहीतर मुंबईच्या वकिलाकडे काम सोपवून मोकळं व्हायचं. आता सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूर आवाक्यात आलंय. हे काम आपणच चालवायचं का, हा प्रश्न प्रत्येक सिनियरपुढे आहे, आणि एकट्याच्या ऑफिसला ते झेपणं अवघड आहे.

ऑफिसं अशी एकट्याचीच का राहिली? इंग्रजी अमदानीत ॲडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार अशा पायऱ्या होत्या. जशी सनद, तसं कोर्ट. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने त्या मोडून वकिलांचा एकच वर्ग केला. शिस्तीचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेकडे गेले. त्यातला ३६ वा नियम आजही रोजच्या व्यवहारात दिसतो: जाहिरात करायची नाही, पाटी बेताच्या आकाराची हवी, आणि आपण अमुक कामातले तज्ज्ञ असं तिच्यावर लिहायचं नाही. दुसऱ्या नियमानुसार वकील नसलेल्याशी भागीदारी नाही की फीत वाटा नाही. म्हणून यंत्रमागवाल्याचा जीएसटी सीएकडे, त्याचीच चेक बाउन्सची केस वकिलाकडे, आणि दोन्हीकडच्या फायली पिशवीत घालून फिरतो तो पक्षकार.

२००८ मध्ये वेबसाइटला परवानगी मिळाली. नाव, पत्ता, सनद नंबर, शिक्षण यांच्याबरोबर कामाचं क्षेत्रही तिथे देता येतं. जिल्ह्याच्या ऑफिसांना ही मुभा सर्वांत मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचं काम कोण करतं, हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला ओळखीपाळखीशिवाय कळायला हवं. मात्र पोर्टलवर गिऱ्हाईक शोधणं यात बसत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यावर कडक आदेश दिले.

परदेशी फर्मना बार कौन्सिलने मार्च २०२३ मध्ये कोर्टाबाहेरच्या कामापुरतं दार उघडलं. सोलापूरला त्याची थेट झळ नाही.

खरी धांदल उडाली १ जुलै २०२४ ला. जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं ४२० कलम जाऊन नव्या भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आलं, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू. टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवावी लागतात आणि ड्राफ्ट करताना ज्युनिअरला आधी गुन्ह्याची तारीख बघावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच मोठ्या बदलाचा मसुदा आला. कामबंदीवरच्या तरतुदींसह अनेक कलमांना वकिलांनी विरोध केला आणि सरकारने तो मागे घेतला. विषय मात्र संपलेला नाही.

वकिलांनी आपापसांत भागीदारी करायला या नियमांत कुठेच आडकाठी नाही. दोन-तीन ऑफिसांनी मिळून कोल्हापूरचं बोर्ड, म्हणजे रोज लागणाऱ्या केसेसची यादी, पाळीपाळीने सांभाळावं, ई-फायलिंगला एक माणूस सामायिक ठेवावा. फीची वाटणी, वकीलपत्रावर कोणाकोणाची सही, आणि भागीदारी फुटलीच तर फाइल कोणाकडे राहणार, एवढं पहिली केस घेण्याआधी कागदावर यावं. पक्षकाराला त्याची प्रत मराठीत द्यावी.