गाडी ओढत नाही? पंप उतरवण्याआधी हे वाचा
जुन्या डिझेल पिकअपच्या मालकांसाठी आणि ड्रायव्हरांसाठी माहितीपत्रक, सोलापूर

"पंप गेलाय, उतरवून टाका." जुनी पिकअप घेऊन येणारी बरीच मंडळी आल्या आल्या हेच सांगतात. इंजिनाला डिझेल देणारा हा पंप उतरवायचा म्हटलं की टेस्ट बेंच (पंप तपासायचं मशीन), सील किट, मजुरी आणि वर दोन-तीन दिवस गाडी उभी. एवढं करूनही गाडी तिथेच अडते, कारण दोष पंपात नसतोच. तो मागे, टाकीच्या बाजूला असतो. तुमचा हा खर्च वाचावा म्हणून आमच्या गॅरेजने हे पत्रक काढलं आहे. यातली माहिती साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे टाटा २०७ डीआय, जुनी बोलेरो पिकअप वगैरे. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांचं काम वेगळं आहे, त्यांना हे लावू नका.

डिझेल टाकीतल्या जाळीतून वर येतं. फीड पंप ते ओढतो, फिल्टर गाळतो, मग ते मोठ्या पंपात (ज्याला सगळे नुसतं 'पंप' म्हणतात तो) आणि तिथून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला जातं. उरलेलं रिटर्न पाइपने टाकीत परत येतं. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. फीड पंपाच्या पुढे पाइप फुटला तर डिझेल बाहेर गळतं आणि दिसतं. फीड पंपाच्या मागे, टाकीकडच्या बाजूला भेग पडली, तर चालू गाडीत तिथून थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून "कुठंच गळत नाही" म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही, अशी गाडी बहुधा एअर धरते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरते. रात्रभरात डिझेल पाइपमधून मागे टाकीत उतरतं. उन्हाने तडकलेला रबरी होज, ढिली क्लिप, बँजो बोल्टखालचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचा) पुन्हा पुन्हा वापरलेला वॉशर, फिल्टरचं दबलेलं रबर, हे आधी बघा. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एअर काढताना हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप, कडक होईपर्यंत मारा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फेस थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या आणि प्रायमर मारत असतानाच स्क्रू आवळा. प्रायमर कितीही मारला तरी कडक होत नसेल, तर हवा अजून शिरते आहे किंवा टाकीकडून डिझेलच येत नाही.

आता एका गाडीची हकिकत. बार्शीकडून मार्केट यार्डात कांदा आणणारी पिकअप. वीस-पंचवीस मिनिटं चालायची, मग झटके मारत बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. दुसरीकडे पंपाचं काम करून झालं होतं, तरी रस्त्यात थांबणं सुटलं नव्हतं. आमच्याकडे आली तेव्हा टाकीचं झाकण हरवलेलं होतं आणि त्या जागी टॉवेलचा तुकडा कोंबलेला होता. टाकी उतरवली तर तळाशी त्याच्याच सुताचा गोळा. गाडी चालू असताना तो ओढला जाऊन जाळीला चिकटायचा, बंद केल्यावर सुटून खाली बसायचा. टाकी धुतली, जाळी साफ केली, नवं झाकण बसवलं. मोठ्या पंपाला हात लावला नाही. थांबून पुन्हा चालू होणारी गाडी म्हटली की आम्हाला आधी टाकी आठवते, ती या गाडीमुळे.

झाकणाचंही एक आहे. त्यातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल येईनासं होतं. गाडीचा दम गेला की झाकण उघडून बघा. फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष सापडला. रिकामी पळते पण भरल्यावर तुळजापूरच्या घाटात मरते, तेव्हा फिल्टर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त.

कॅन लावून बघणे

आमच्या मते सगळ्यात खात्रीची परीक्षा हीच. स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्या, टाकीकडून येणारा पाइप सोडवून त्या जागी कॅनमधून नवी नळी जोडा, रिटर्नही कॅनमध्येच सोडा आणि एअर काढून गाडी चालवून बघा. नीट चालली तर पंप आणि नोझल निर्दोष, शोध टाकी, जाळी आणि पाइपमध्ये घ्यायचा. तशीच अडली तर पुढे फिल्टर, फीड पंप आणि मग मोठा पंप. कॅन सायलेन्सरपासून लांब ठेवा, जवळ बिडी-सिगारेट नको. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ३५ अंश असावा असं मानक आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायला एक माणूस उभा करा. पांढरा धूर आला तर डिझेल आत पोचतं आहे पण जळत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. पंपावर स्टॉप सोलेनॉइड (चावीवर डिझेल चालू-बंद करणारा विजेचा भाग) असेल तर चावी फिरवल्यावर टक आवाज येतो. तो येत नसेल तर आधी वायर बघा, कित्येकदा ती नुसती निसटलेली असते. काळा धूर असेल तर पहिल्यांदा एअर फिल्टर झटका, आपल्याकडे धूळ काही कमी नाही.

पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू सोडून पाणी काढा. पिंपात साठवलेलं डिझेल तळापर्यंत ओतू नका. आणि रॉकेल मिसळू नका, ही आमची कळकळीची विनंती. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं, ते पातळ झालं की चांगला पंपही घासून खराब होतो.

चालू गाडीत नोझलचे नट सोडून मिसिंग (कोणता सिलिंडर काम करत नाही ते) शोधायचं काम मात्र आमच्यावर सोडा. तिथल्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरून बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि दाबाने डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

गाडी आमच्याकडे आणताना आदल्या दिवशी फिल्टर बदलू नका, बदललाच असेल तर जुना सोबत आणा. तो कापून बघितला की टाकीत गंज आहे, सूत आहे की काळा चिकट गाळ, ते कळतं. ड्रायव्हरलाच पाठवा, कारण गाडी कधी आणि कशी अडते ते त्यालाच माहीत असतं. टाकीपासून फिल्टरपर्यंतची तपासणी तुमच्या समोर करू, आणि त्याआधी पंप उतरवणार नाही.