नलकॉनला जायचंय? आधी बोनाफाईडवर काय लिहिलंय ते वाचा

सायबर सिक्युरिटीची मोठी कॉन्फरन्स म्हटली की आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या पोरांना बेंगळुरू नाहीतर अमेरिका आठवते, पण नलकॉन २०१० पासून गोव्यात होतेय, सावंतवाडीकराला ते पुण्यापेक्षा जवळ. तरी सवलतीच्या पासचे अर्ज परत येत राहतात, आणि कारण अभ्यास कमी हे क्वचितच असतं, कागद चुकीचा हेच जास्त.

पूर्ण पैसे भरून तिकीट घेणाऱ्याला कोणी डिग्री विचारत नाही. फॉर्म, पेमेंट, ओळखपत्र, संपलं. भानगड सुरू होते विद्यार्थी पास किंवा स्कॉलरशिप मागितली की.

पहिली अडचण बोनाफाईड. कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड मागितलं की क्लार्क ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढतो आणि त्यावर कारण लिहून देतो 'एसटी पाससाठी', कारण आयुष्यभर त्याने त्याच कामाला बोनाफाईड दिलेलं असतं. ते स्कॅन करून पाठवलं की तिकडे बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही, मराठी येत नसेल तर मुळातच नाही. लेटरहेडवर, इंग्रजीत, तुमचं नाव, कोर्स, चालू शैक्षणिक वर्ष, कोर्स कधी संपणार, शिक्का, सही आणि ताजी तारीख, एवढं असलेलं पत्र मागा. क्लार्क म्हणेल असा फॉरमॅट नाही. वाद घालू नका, स्वतः टाईप करून न्या आणि फक्त सही-शिक्का मागा, आणि हे शेवटच्या आठवड्यात नको, प्रिन्सिपल नेमके तेव्हाच मुंबईला मीटिंगला असतात. उन्हाळ्यात पास आऊट झालेल्यांनो, आयकार्डवर अजून तारीख शिल्लक असली तरी तुम्ही आता विद्यार्थी नाही, तो मार्ग सोडून द्या.

दुसरं नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधे वडिलांचं, आणि फॉर्ममध्ये फक्त फर्स्ट नेम, लास्ट नेम असे दोन रकाने. बरेच जण वडिलांचं नाव लास्ट नेममध्ये टाकतात आणि मग दारात बॅज एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचं. जे ओळखपत्र दारात दाखवणार, त्यावरचंच नाव फॉर्ममध्ये लिहा.

तारखांचं तर विचारूच नका. मागच्या वर्षीचं पोस्टर बघून सुट्टी टाकणारे आहेत! २०२३ ला गोव्याची कॉन्फरन्स २३-२४ सप्टेंबरला होती, म्हणजे भर गणपतीत, घरात पाच दिवसांचा गणपती असलेल्याने काय करायचं, आणि कोकण रेल्वेचं तिकीट तर त्या दिवसांत देवालाही मिळत नाही. २०२५ ला तीच १-२ मार्चला झाली. म्हणून चालू वर्षाची तारीख साईटवर बघा आणि लगेच रिझर्व्हेशनचा हिशोब करा, ते आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही. परदेशी कॉन्फरन्सला मुदतीपुढे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. '१५ तारीख ००:०० यूटीसी' म्हणजे आपल्याकडे १५ ला पहाटे साडेपाचला खेळ खलास, पोरं १५ ला रात्री जेवून फॉर्म भरायला बसतात.

स्कॉलरशिपच्या 'तुम्हाला का यायचंय' या प्रश्नाला चॅटबॉटचं गुळगुळीत उत्तर चिकटवू नका, वाचणारे रोज तेच वाचतात. गिटहबवरच्या (कोड ठेवायची साईट) तुमच्या कामाची लिंक, सोडवलेला एखादा सीटीएफ (हॅकिंगच्या कोड्यांची स्पर्धा), पुण्या-मुंबईच्या नल या सिक्युरिटीवाल्यांच्या ग्रुपच्या मीटअपला गेला असाल तर तो उल्लेख (त्या फुकट असतात), एवढं साधं पुरे.

नोकरीवाल्यांची तऱ्हा वेगळी. पतपेढी, बँक, सरकारी ऑफिस, साहेब म्हणतात आधी निमंत्रणपत्र आणा मग परवानगी देतो, आणि आयोजक पैसे भरल्याशिवाय पत्र देत नाहीत. यातून वाट अशी की कार्यक्रमपत्रिकेची प्रिंट जोडून टिपणी टाकायची आणि त्यात ऑफिसला कळेल असं कारण लिहायचं. उदाहरणार्थ सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (सिस्टीमच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात, त्याची तयारी शिकायला जातोय. 'ज्ञानवृद्धीसाठी' लिहिलं की फाईल झोपलीच म्हणून समजा. बिलावर ऑफिसचं नाव आणि जीएसटी नंबर पैसे भरतानाच टाका, नंतर बदलून मिळवताना चपला झिजतात.

लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर कॉन्फरन्सचं स्वप्न असेल तर अमेरिकन व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म आणि मुलाखतीची तारीख हेच मोठं काम, कॉन्फरन्स ऑगस्टमध्ये असते, मे महिन्यात जागे होऊन उपयोग नाही. शिवाय तिथे दारात रोख पैसे देऊन बॅज घेता येतो, नावही विचारत नाहीत, प्रायव्हसीला झकास, पण ऑफिसकडून पैसे परत हवे असतील तर नावाचं बिल कुठून आणणार ते आधी अकाउंटवाल्यांशी बोलून घ्या.

आणि सीआयएसएसपी हे सिक्युरिटीचं सर्टिफिकेशन असलेल्यांसाठी एक. ते टिकवायला तीन वर्षांत १२० सीपीई (शिकत राहिल्याचे गुण) लागतात, साधारण तासाला एक धरा, त्यामुळे कॉन्फरन्स संपल्यावर हजेरीचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात डाऊनलोड करून ठेवा. ऑडिटमध्ये नंबर लागला की पुरावा मागतात, आणि गळ्यात बॅज घालून काढलेला सेल्फी तिथे पाठवणारेही मी पाहिलेत.