पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ही बाळे

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते. रासायनिक खते, शेणखताचे ढीग आणि शोषखड्डे यांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात झिरपते. उथळ विहिरींना धोका अधिक. वरच्या दुधावरच्या बाळाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, त्यापासून मेथहिमोग्लोबिनेमिया, म्हणजे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवणारा आजार, होऊ शकतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी त्याचा संबंध 1945 मध्ये दाखवून दिला.

नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, ज्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. बाळाच्या जठरात आम्ल कमी असल्याने हे जिवाणू तग धरतात, जुलाबात आणखी फोफावतात. शिवाय मेथहिमोग्लोबिन पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) प्रौढांच्या निम्म्यानेच असते. त्यात मात्राही मोठी. लिटरमध्ये 100 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यात दूधपावडर कालवली आणि चार किलोच्या बाळाने दिवसात 600 मिलिलिटर पाणी घेतले, तर किलोमागे 15 मिलिग्रॅम पोटात जाते. दोन लिटर पिणाऱ्या 60 किलोच्या माणसाला हेच प्रमाण साडेतीनच्या आत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट आहे, अमेरिकेची 10 मिलिग्रॅम, पण ती नायट्रोजन म्हणून मोजलेली. त्या आकड्याला 4.43 ने गुणले की नायट्रेट मिळते. अहवालातले एकक न पाहता आकडा वाचणे ही नेहमीची चूक.

या आजारात बाळाचे ओठ, नखे राखाडी-निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसते आणि ऑक्सिजन देऊनही रंग फिरत नाही. पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. तीव्र अवस्थेतही तो 85 टक्क्यांच्या आसपास अडकतो. रुग्णालयात शिरेतून मिथिलीन ब्लू देतात, मात्र जी-6-पीडी या विकराची कमतरता असल्यास ते घातक ठरू शकते.

पाणी उकळणे इथे उलटेच पडते: जंतू मरतात, वाफ जाते, नायट्रेट मागे राहून दाट होते. तुरटी, क्लोरीन, कोळशाचे गाळणे यांनीही ते निघत नाही. आरओ, ऊर्ध्वपातन किंवा नायट्रेटसाठीचे आयन-विनिमय रेझिन (नायट्रेट धरून ठेवणारे दाणे) चालते. पण रेझिन संपृक्त झाले की साठलेले नायट्रेट एकदम पाण्यात सोडू शकते, म्हणून शुद्ध केलेले पाणीही तपासावे. आईने असे पाणी प्यायले तरी अंगावरच्या दुधात नायट्रेट फारसे वाढत नाही, त्यामुळे स्तनपान थांबवू नये.