बाळंतपणातली आकडी आणि जुलाबाचं मीठ

गरोदर बाईला आकडी आली की आपल्याकडे अजूनही कोणी नाकाला कांदा लावतं, कोणी दातखिळी सोडवायला तोंडात चमचा घालतं (नका घालू, डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा), आणि ओली बाळंतीण असेल तर बाहेरचं लागलं म्हणून अंगारा. पण डॉक्टरलोकांनी तरी काय वेगळं केलं, युरोपात कितीतरी वर्षं अशा बाईचं रक्तच काढायचे.

१८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हरला या बायकांच्या लघवीत प्रोटीन सापडलं, म्हणजे ही साधी मिरगी नाही. १८९६ ला इटलीत रिव्हा-रोचीने दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा काढला आणि मग हळूहळू वाढलेल्या बीपीचं कनेक्शन कळलं. रशियात डॉक्टर स्ट्रोगानोव्ह तर बाईला अंधाऱ्या खोलीत, कसलाही आवाज न करता, मॉर्फिन आणि क्लोरल ही गुंगीची औषधं देऊन ठेवायचा.

आता खरी गंमत. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्ट, ज्याने जुलाब होतात तेच. ते आकडीवर १९०६ मध्येच जर्मनीत वापरलं होतं, तेही पाठीच्या कण्यात टोचून, १९२० च्या दशकात अमेरिकेत शिरेतून-स्नायूतून द्यायला लागले आणि १९५५ पासून अमेरिकेतच डॅलसला डॉक्टर प्रिचर्डने ते द्यायची पद्धतच बसवली. तरी बाकीचं जग ऐकेना. ब्रिटनमध्ये डायझेपाम (गुंगीचं औषध), कुठे फेनिटॉइन (मिरगीचं औषध), आणि आपल्याकडे मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांचं १९६१ चं 'लायटिक कॉकटेल', तीन गुंगीची औषधं एकत्र. ज्याला त्याला आपलंच खरं वाटायचं कारण नीट तुलनाच कोणी केली नव्हती, मला तर याचाच राग येतो.

ती तुलना झाली १९९५ ला, भारतासकट ९ देशांत, जवळपास १७०० बायका. मॅग्नेशियमवाल्यांना परत आकडी येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्के आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्के कमी. विषय संपला. मग २००२ ला 'मॅगपाय' ट्रायल, ३३ देश, १०,००० वर बायका, बीपी वाढलेलीला आधीच दिलं तर आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी. नक्की कसं काम करतं ते मात्र अजून पूर्ण कळलेलं नाही!

आता सरकारी गाइडलाइनप्रमाणे पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) सिस्टरसुद्धा मॅग्नेशियमचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवू शकते. एका अँपूलमध्ये (इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची कुपी) १ ग्रॅम, म्हणजे १० अँपूल फोडायच्या, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल, आणि ते जाम दुखतं. बाळंतपणानंतरही सहसा २४ तास चालू ठेवतात कारण आकडी नंतरच्या ४८ तासांतही येते, कधी कधी तर बाई घरी गेल्यावर. पुढच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते बघतात. पाय उडाला नाही तर औषध जास्त झालं, डोस थांबवायचा, आणि श्वास मंदावलाच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, ते ट्रेमध्ये शेजारीच काढून ठेवलेलं असतं.