कामाच्या ठिकाणचे सण-समारंभ (कोकण किनारपट्टी)

नोकरी देणाऱ्याने कामगार-कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या जागी किंवा कामानिमित्त बाहेर, आपल्या खर्चाने योजलेली पूजा, सण, स्नेहसंमेलन, सहल किंवा जेवण. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत या विषयाची सुरुवात मेजवानीपासून नव्हे, रजेपासून होते. येथला मोठा सण हा कामावर जमण्याचा दिवस नसून घरी जाण्याचा असतो.

गणपती घरोघरी बसतात. कुणाचे दीड दिवसांचे, कुणाचे पाच, कुणाचे गौरीबरोबर जाणारे, तर कुणाचे अनंत चतुर्दशीपर्यंतचे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते आणि ती आपल्या दारी कधी येणार हे गावावर, वाडीवर ठरते. त्यामुळे सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देऊन कुणाचेच भागत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये आठ भरपगारी सणसुट्ट्यांची तरतूद आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवायच्या. या चारांची यादी बहुतेक ठिकाणी मागल्या पानावरून पुढे चालू असते. वास्तविक ईद, नाताळ, १४ एप्रिल यांचा विचार व्हायचा तो याच यादीत.

लोटे-परशुराम, महाड, रोहा येथील रासायनिक कारखान्यांत काही संयंत्रे सणासाठी थांबवता येत नाहीत. कुणाला तरी पाळी करावीच लागते. गेल्या वर्षी गणपतीत ज्याने पाळी केली त्याला यंदा आधी रजा, असा लेखी क्रम सर्वांत कमी भांडणाचा. मुसलमान किंवा बौद्ध सहकाऱ्याने गणपतीत पाळी सांभाळावी आणि त्याच्या सणाला इतरांनी, ही अदलाबदल सोयीची खरी. मात्र ती विचारून व्हावी. ‘तुमच्याकडे कुठे गणपती असतो’ असे म्हणून परस्पर पाळी लावणे ही अदलाबदल नव्हे. धर्माप्रमाणे सुट्टी घेण्याची सवय या किनाऱ्याला जुनीच आहे. अलिबाग परिसरातील बेने इस्रायली (ज्यू) तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असेच नाव पडले.

सत्यनारायण आणि दसऱ्याची यंत्रपूजा कारखान्यांत रुळलेली आहे. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आणि चवदार तळे महाडात, तेव्हा बौद्ध कामगाराने पूजेला उभे राहावे का, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. पूजेला उभे राहणे ऐच्छिक असावे, त्यावरून हजेरी धरू नये आणि संमतीवाचून पगारातून वर्गणी कापू नये. हळदीकुंकवाचेही तसेच. विधवा सहकारी खुर्चीतच बसून राहते आणि बाकीच्या वाण घेऊन येतात, हे दृश्य कचेरीत तरी टाळता येते. सर्वांना, पुरुषांनाही, तिळगूळ दिला की संक्रांत होते.

जेवणाच्या बाबतीत कोकणात मासे आहेत म्हणून सोपे वाटते. पण श्रावण, सोमवार, संकष्टी, रोजा आणि हलालचा प्रश्न यांनी तारीख व बेत दोन्ही ठरतात. शाकाहारी पदार्थांचे डाव वेगळे ठेवणे ही साधी गोष्ट नेमकी विसरली जाते. वेळेचा प्रश्न त्याहून मोठा. गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळी सुटते. रात्री आठचा कार्यक्रम म्हणजे दुचाकी-मोटारवाल्यांचाच कार्यक्रम, आणि त्यातून बायका आपोआप गळतात. दुपारचे जेवण, किंवा परतीची गाडी मालकाकडून, हे दोनच व्यवहार्य मार्ग. दारू ठेवायची झाल्यास परवाना हवा. गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. घाटरस्ते पाहता ती गाठण्याचा प्रसंगच येऊ न देणे बरे. कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन ही दोन्ही महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार ‘कामाचे ठिकाण’ ठरतात. म्हणजे सहलीच्या बसमधली तक्रारही अंतर्गत समितीकडे नेता येते.

दिवाळीचा बोनस ही भेट नव्हे. १९६५ च्या कायद्यात पुढील दुरुस्त्यांनंतर तो किमान ८.३३ व कमाल २० टक्के होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही हेच दर राहिले. भेट असते ती मिठाईच्या पुड्याची, आणि मन दुखावते ते तिथेच : कायम कामगाराला किलोचा, कंत्राटी कामगाराला पावशेरचा. खर्च बेताचा असेल तर सर्वांना अर्धा किलो द्यावा. थर्माकोलची ताटे व मखरे राज्यात मार्च २०१८ पासून बंद आहेत, तरी कचेरीत ती अधूनमधून दिसतात.

मच्छीमारी नौकांवर व आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत. समारंभांच्या यादीत त्यांचे नाव सहसा नसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात बरेच खलाशी गावी जातात. पण त्यांचा दशैं हा सण नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास येतो आणि तिहार दिवाळीत. दोन्ही वेळा मासेमारीचा हंगाम भरात असतो. घरी जाणे शक्य नसले तरी दशैंच्या टिळ्याच्या दिवशी नौका बंदरात ठेवता येते, आणि ती तारीख तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवता येते.