इनॉसिटॉल आणि मानसिक आरोग्य

इनॉसिटॉल म्हणजे ग्लुकोजपासून शरीरात तयार होणारा, साखरेच्या कुळातला गोडसर पदार्थ. त्याचे रेणुसूत्र ग्लुकोजचेच, मांडणी मात्र वेगळी. नऊ प्रकारांपैकी सजीवांत मुख्यतः मायो-इनॉसिटॉल आढळतो. १८५० साली योहान योझेफ शेरर या जर्मन शास्त्रज्ञाने तो स्नायूंतून वेगळा काढला. नावही स्नायूवाचक ग्रीक शब्दावरूनच पडले. डब्यांवर त्याला अजूनही ‘जीवनसत्त्व ब ८’ म्हटलेले दिसते. ते बरोबर नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून रोज सुमारे ४ ग्रॅम इनॉसिटॉल स्वतःच बनवतात; आहारातून साधारण १ ग्रॅम मिळतो.

धान्ये आणि कडधान्यांत तो फायटिक आम्लाच्या रूपात, सहा फॉस्फेटांना जखडलेला असतो. कोल्हापुरात मिसळीसाठी मटकी रात्रभर भिजत घालून फडक्यात घट्ट बांधून ठेवतात. मोड फुटू लागले की फायटेज नावाचे विकर (एन्झाइम) ही फॉस्फेटे एकेक करून सोडवते. कोवळ्या मोडाला फॉस्फेट मिळते आणि आम्लाने धरून ठेवलेले लोह-जस्तही आपल्या अंगी लागायला मोकळे होते. तालमीतल्या खुराकातले बदामही इनॉसिटॉलयुक्तच. पण मनोविकारावरच्या प्रयोगांत दिलेली मात्रा ताटातून मिळणारी नाही.

मेंदूत इनॉसिटॉलचे काम निरोप पोहोचवण्याचे. सेरोटोनिनसारखे रसायन पेशीच्या काही ग्राहींवर (निरोप टिपणाऱ्या रेणूंवर) येऊन बसले, की पेशीपटलातल्या इनॉसिटॉलयुक्त मेदापासून एक तुकडा सुटतो आणि आतल्या साठ्यातले कॅल्शियम मोकळे करतो. ही साखळी १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी उलगडली. उन्मादावर (मॅनियावर) दिले जाणारे लिथियम वापरलेला इनॉसिटॉल परत मिळवून देणाऱ्या विकराला अडवते, म्हणजे तो कमी पाडते. मग उलट, नैराश्यात तो वरून दिला तर? या प्रश्नाचा पाठपुरावा इस्रायलमधल्या बीरशेबा येथे रॉबर्ट बेलमेकर यांच्या गटाने केला.

१९९५ मध्ये या गटाने नैराश्याच्या २८ रुग्णांना रोज १२ ग्रॅम इनॉसिटॉल किंवा तसेच दिसणारे पण औषध नसलेले काही (प्लासिबो) चार आठवडे दिले. इनॉसिटॉल घेणाऱ्यांत सुधारणा अधिक दिसली. त्याच वर्षी पॅनिकच्या (अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या विकाराच्या) २१ रुग्णांत झटके कमी झाले. १९९६ मध्ये मंत्रचळेपणाच्या (ओसीडीच्या) १३ रुग्णांना १८ ग्रॅम देऊन पाहिले, तिथेही फरक पडला. २००१ मध्ये पॅनिकच्या २० रुग्णांत तो फ्लूवॉक्झामाइन या नैराश्यविरोधी औषधाच्या तोडीचा ठरला आणि त्या औषधापेक्षा मळमळ-थकवा कमी झाला. आकडे पाहावेत: २८, २१, १३, २०. एवढ्या थोड्या माणसांवरून औषध ठरवता येत नाही. २००४ मध्ये वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या समीक्षेने नैराश्यावरचे चार प्रयोग, एकूण १४१ रुग्ण, एकत्र तपासले; ठाम फायदा आढळला नाही. २०१४ च्या एकत्रित विश्लेषणातही नैराश्य, चिंता आणि मंत्रचळेपणा या तिन्हींबाबत निष्कर्ष तसाच निघाला.

कोल्हापुरात मेडिकलमध्ये हा पदार्थ बहुतेकांना ठाऊक आहे तो ‘पीसीओडीची गोळी’ म्हणून. अंडाशयाच्या या विकारात मायो आणि डी-कायरो हे प्रकार ४० : १ प्रमाणात देण्याची पद्धत आहे. मुलीच्या पाळीसाठी आणलेली गोळी आईने ‘टेन्शन’साठी घ्यायची, इथे खरी गल्लत होते. अशा एका गोळीत बहुधा अर्धा-पाऊण ग्रॅम इनॉसिटॉल असतो. प्रयोगांतले १२ ग्रॅम म्हणजे पावडरीचे सपाट चार चहाचे चमचे, दररोज. ती पाण्यात सहज विरघळते, चव पिठीसाखरेसारखी पण फिकी. एवढ्या मात्रेने पोटात गुबारा धरणे, मळमळ, जुलाब होऊ शकतात.

द्विध्रुवी (बायपोलर) विकारात इनॉसिटॉल घेतल्यावर उन्माद उसळल्याच्या नोंदी आहेत. लिथियम चालू असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे: पावडर सुरू केली म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करणे. आधीचे औषध अचानक तुटले की आजार उलटतो, आणि दोष मात्र औषधालाच दिला जातो. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवताना घेत असलेली पूरके, पावडरीसकट, केसपेपरवर लिहून घ्यावीत. रात्री-अपरात्री मन फारच ढासळले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.